दिवसा लावलेला दिवा : पगारदाराचे कर्ज आणि मालकाची नजर

जुन्या बाजारपेठांत एक रीत होती असे सांगतात. ज्या व्यापाऱ्याला देणी भागवणे अशक्य होई, तो भर दिवसा आपल्या पेढीवर दिवा लावून ठेवी. उन्हात जळणारा दिवा पाहिला की येणारा-जाणारा समजून जाई : या घराचे आता संपले. ‘दिवाळे’ हा शब्द या दिव्यावरून आला, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या रीतीतली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिवा लावणारा हात देणेकऱ्याचा स्वतःचा असे. आपले कर्ज केव्हा आणि कसे उघड करायचे, हे तो ठरवत होता.

आजच्या पगारदाराच्या हाती तो दिवा राहिला आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे. नोकरी देणाऱ्याला नोकराचे कर्ज माहीत असावे का, असावे तर किती, आणि ते कळल्यावर त्याने काय करावे? प्रश्न नवा वाटतो, कारण त्याला ‘सिबिल’ हे नवे नाव मिळाले आहे. पण आपल्याकडे त्याला दोन-अडीच शतकांचा इतिहास आहे. तो पाहायला छत्रपती संभाजीनगरमधला औरंगपुरा ही सोयीची जागा आहे. इथे जिल्हा परिषदेचे कार्यालय आहे. हजारो शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा, आणि त्या पगारातून होणाऱ्या कर्जकपातीचा, कारभार या कार्यालयाशी जोडलेला आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर पुस्तकांची दुकाने आहेत. बँकेच्या परीक्षांची जाडजूड पुस्तके चाळत खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली तिथे उभी असतात. एकीकडे कर्ज असूनही नोकरीत सुखाने असलेली पिढी आणि दुसरीकडे कर्जामुळे नोकरी हुकेल की काय या धास्तीत असलेली पिढी, अशा दोन पिढ्या एकाच रस्त्यावर भेटतात.

जामीनकतबा

पेशवाईच्या उत्तरार्धात महालाचा कमाविसदार नेमताना सरकार त्याच्याकडून रसद घेई. रसद म्हणजे वसुलाची आगाऊ रक्कम. महाल हाती येण्याआधीच ही रक्कम भरायची, म्हणजे ती कुठून तरी उभी करावी लागे, आणि बहुधा ती सावकाराकडून येई. त्याखेरीज कामावर रुजू होणाऱ्याला जामीन द्यावा लागे. जामीन राहणाऱ्याने लिहून दिलेल्या कागदाला जामीनकतबा म्हणत. अशा व्यवस्थेत कर्ज असणे ही उमेदवाराची उणीव धरली जात नव्हती. उलट आपल्याला कर्ज मिळू शकते, आपल्या पाठीशी कुणी पतदार उभा राहतो, हेच त्याच्या योग्यतेचे प्रमाण होते. ‘पत’ या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ, अब्रू आणि उधार मिळण्याची क्षमता, इथे एकत्र नांदताना दिसतात.

खुद्द धन्याची पत काय होती? पहिला बाजीराव कर्जाने किती गांजला होता, हे धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी झालेल्या त्याच्या पत्रव्यवहारातून इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. पुढच्या काळात सैन्याचे पगार महिनोन्महिने थकत. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसलेल्या शिपायांची वर्णने आहेत. निजामाच्या राज्यातही हाच प्रकार होता. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी साचलेले देणे फिटेना, म्हणून १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. हैदराबादेतले अरब जमादार सावकारी करत आणि ऋणकोला आपल्या खाजगी कैदेतही ठेवत. पहिल्या सालारजंगाने दिवाण झाल्यावर या प्रकाराला आळा घातला. मराठवाड्यात रोहिल्यांचा तगादा हा त्याच व्यवस्थेचा गावपातळीवरचा अवतार होता.

यातला मुद्दा साधा आहे, पण तो वरचेवर विसरला जातो. चाकराला कर्जात ढकलणारा पहिला हात अनेकदा धन्याचाच असतो. पगार सहा महिने थकला तर शिपाई खाणार काय? तो सावकाराकडे जाणार. मग त्याच्या कर्जबाजारीपणाची चौकशी धन्याने करणे म्हणजे स्वतःच्याच थकबाकीची चौकशी करणे होते. ही गोष्ट केवळ पेशवाईची नाही. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे पगाराविना किंवा अपुऱ्या पगारावर काढलेली आहेत. २०२१ च्या एसटी संपामागे वेळेवर न होणारा पगार हेही एक कारण होते. त्या महिन्यांत घेतलेली कर्जे कुणाच्या बेजबाबदारपणाच्या खाती लिहायची?

नियमातला कर्जबाजारी

ईस्ट इंडिया कंपनीने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. तिच्या नोकरांची सावकाराशी असलेली गुंतवणूक तिला राज्यकारभाराच्या मुळावर येणारी वाटली. १७९३ च्या बंगालमधल्या ३८ व्या रेग्युलेशनने न्याय व महसूल खात्यांतल्या कंपनीच्या सनदी नोकरांना जमीनदारांना कर्जे देण्याची मनाई केली. पुढे कर्ज घेण्यावरही बंधने आली. ज्याच्याशी सरकारी कामात संबंध येईल त्याच्याशी पैशाचे देणे-घेणे नको, हे त्यामागचे तत्त्व होते, आणि ते रास्तच होते. मामलेदार सावकाराचा ऋणको असेल तर सावकाराच्या दाव्याचे काय होईल, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही.

विसाव्या शतकात या तत्त्वाला नैतिक शिकवणीची जोड मिळाली. इंग्रजी अमलातल्या सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत नादार ठरलेला नोकर, किंवा ज्याच्या पगाराचा निम्मा हिस्सा सलग दोन वर्षांहून अधिक काळ जप्तीत आहे असा नोकर, बडतर्फीस पात्र धरला जाई. स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९६४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये आपले वर्तणूक नियम केले. भाषा थोडी सौम्य झाली, गाभा तोच राहिला. सरकारी नोकराने आपले खाजगी व्यवहार असे सांभाळावेत की सवयीचा कर्जबाजारीपणा आणि नादारी टळेल. कर्जवसुलीसाठी किंवा नादार ठरवण्यासाठी त्याच्यावर दावा झाला, तर त्याने ती हकीकत ताबडतोब सरकारला कळवावी.

हे नियम कडक आहेत, यात शंका नाही. पण त्यांची रचना बारकाईने पाहिली तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, कळवायचे आहे ते कोर्टातल्या दाव्याबद्दल. प्रत्येक उसनवारी साहेबाच्या टेबलावर मांडायची नाही. रीतसर बँकेकडून किंवा सहकारी संस्थेकडून घेतलेले कर्ज नियमाला मान्यच आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केंद्राच्या नियमाखालच्या टिपेत म्हटले आहे की ही स्थिती आधी कळू न शकणाऱ्या किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी आली, उधळपट्टीने किंवा व्यसनाने नव्हे, हे दाखवण्याची जबाबदारी नोकराची राहील. सिद्ध करण्याचे ओझे नोकरावर टाकले, हे कठोरच झाले. तरीही या वाक्याने एक दार उघडे ठेवले. कर्ज ‘का’ झाले, हा प्रश्न विचारला जाईल आणि त्याचे उत्तर ऐकले जाईल, असे गृहीत धरले. आईचे आजारपण आणि जुगार यांत फरक आहे, एवढे या रुक्ष टिपेला कळत होते.

पगाराच्या दिवशी दारात

कारखान्यातल्या कामगाराला मात्र असा काही नियम नव्हता. त्याला होता पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी काठी घेऊन उभा असलेला पठाण. ज्या जॉबरने किंवा मुकादमाने कामाला लावले, पुष्कळदा तोच सावकार असे किंवा सावकाराचा हस्तक असे. म्हणजे नोकरी देणारा, कर्ज देणारा आणि कर्जाची खबर ठेवणारा माणूस एकच. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या प्रश्नाची तपासणी केली. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत कर्जात असलेल्या कुटुंबांचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून कमी नाही, आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून जास्त आहे, असा आयोगाचा अंदाज होता. दरमहा रुपयाला एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर.

आयोगाच्या शिफारशी आज वाचल्या तर त्यांचा रोख लक्षात येतो. कामगाराने कर्ज काढू नये असा उपदेश करण्यापेक्षा सावकाराचा हात कामाच्या जागेपर्यंत पोहोचू नये, यावर त्यांचा भर आहे. कारखान्याला वेढा घालून वसुली करणे हा गुन्हा ठरवावा, अशी सूचना आयोगाने केली. बंगालने १९३४ मध्ये तसा कायदा केला. नागपूर ज्यात होते त्या मध्य प्रांतात १९३७ मध्ये ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा झाला. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने ऋणकोच्या घराजवळ किंवा कामाच्या ठिकाणी घुटमळत राहणे, त्याचा पाठलाग करणे, हा छळ ठरवून त्याला शिक्षा ठेवली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही छळाबद्दल शिक्षा आहे.

याच काळात पगाराच्या जप्तीलाही मर्यादा आली. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९३७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पगाराचे पहिले शंभर रुपये आणि उरलेल्याचा निम्मा भाग जप्तीपासून मुक्त झाला. निजामी राज्यातल्या औरंगाबादला ही संहिता लागू झाली ती हैदराबाद भारतात आल्यानंतर, १९५१ मध्ये. आज पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित आहेत. एकतीस हजार पगार असेल तर एकवीस हजार घरी जाणार, दहा हजारांपर्यंतच जप्ती होणार. तीही चोवीस महिने चालली की पुढचे बारा महिने थांबते, आणि त्याच एका हुकूमनाम्यासाठी असेल तर कायमची संपते. पोटगीच्या हुकूमनाम्याची गोष्ट वेगळी. बाकी कर्जाबाबत मात्र विसाव्या शतकातल्या कायद्याने एक गोष्ट मान्य केली होती : देणे खरे असले तरी माणसाला जगू द्यावे लागते, आणि त्यासाठी त्याची कमाई चालू राहावी लागते.

सोसायटी

पठाणाला खरे उत्तर कायद्यापेक्षाही सहकाराने दिले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर शेतकऱ्यांच्या संस्थांबरोबर पगारदार नोकरांच्या संस्थाही निघू लागल्या. मुंबईत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या नोकरांची जॅक्सन सोसायटी १९१२ मध्ये स्थापन झाली. हैदराबाद राज्यात सहकारी चळवळ १९१४ च्या सुमारास सुरू झाली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला, आणि त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. म्हणजे औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेचे पगारपत्रक आणि सोसायटीची कपात यांचा जन्म जवळजवळ एकदमच झाला.

या कायद्याचे कलम ४९ पगारदारांच्या आयुष्यात फार मोलाचे ठरले. सभासद संस्थेला करारनामा लिहून देतो की माझ्या पगारातून हप्ता कापून परस्पर तुम्हाला द्यावा. संस्थेची मागणी आली की मालकाला ती कपात करावीच लागते. त्याने कुचराई केली तर ती रक्कम खुद्द मालकाकडून वसूल होऊ शकते. कारखान्यांसाठी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने सहकारी संस्थांच्या कपातीला वेगळा दर्जा दिला होता. एरवी एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त नको, पण त्यात सहकारी संस्थेचे देणे असेल तर ती पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत चाले.

पगारपत्रकावर भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, व्यवसाय कर आणि त्यांच्या रांगेत ‘सोसायटी’ असा रकाना आला, आणि कर्ज ही कार्यालयातली उघड गोष्ट झाली. लेखा विभागातल्या कारकुनापासून मुख्याध्यापकापर्यंत कुणाची किती कपात आहे, हे सगळ्यांना माहीत. शिवाय कर्जाला जामीनदार लागत ते सहकाऱ्यांतलेच. ‘मुलीचे लग्न काढलंय, जामीन राहता का?’ हा प्रश्न मधल्या सुट्टीत विचारला जाई, आणि त्याबरोबर घरची सगळी परिस्थितीही सांगितली जाई. पेशवाईतला जामीनकतबा शिक्षकांच्या खोलीत चहाच्या कपाशेजारी पुन्हा अवतरला होता.

या व्यवस्थेला काळी बाजू होती, ती झाकू नये. मुख्य कर्जदार चुकला की जामीनदाराचा पगार कापला जाई, आणि वर्षानुवर्षांची मैत्री तुटे. कुणाचे हातात येणारे वेतन किती उरते, यावरून चेष्टा होई. जातीच्या आणि गटांच्या राजकारणात कर्ज मंजूर होणे-न होणे अडके. नोकरी बदलणे किंवा संस्थेच्या कारभाऱ्यांविरुद्ध बोलणे कर्जदाराला जड जाई. पण एक गोष्ट निर्विवाद होती. इथे मालकाला कर्ज कळत होते ते फेडण्याची सोय म्हणून. कर्जाची माहिती आणि नोकरीची सुरक्षितता एकमेकींच्या आड येत नव्हत्या. उलट नोकरी होती म्हणून कर्ज मिळे आणि कर्ज फिटायचे तर नोकरी टिकणे सर्वांच्याच हिताचे असे. मराठवाड्यातल्या किती शिक्षकांची घरे, मुलांची शिक्षणे आणि बहिणींची लग्ने या एका रकान्यावर उभी राहिली, त्याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. पण ज्याच्या घरी पगारदार होता त्याला तो तोंडपाठ आहे.

साडेसहाशे

१९९९ मध्ये सिद्दीकी कार्यगटाने कर्जदारांच्या माहितीची देशव्यापी नोंद ठेवणाऱ्या संस्थेची शिफारस केली आणि २००० मध्ये मुंबईत ‘सिबिल’ची स्थापना झाली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. आज अशा चार कंपन्या आहेत, पण लोकांच्या तोंडी चारींचे नाव एकच. तीनशे ते नऊशेच्या दरम्यानचा एक आकडा म्हणजे माणसाची पत, अशी नवी व्याख्या रूढ झाली.

या कायद्याचा हेतू मर्यादित होता. कर्ज देणाऱ्याने कर्ज देण्यापूर्वी पाहावे, यासाठी ही नोंद. माहिती कुणाला मिळावी याची यादी कायद्याने आणि नियमांनी ठरवली, आणि त्या यादीत ‘नोकरी देणारा’ असा वर्ग नाही. पण कागदावरचे कुंपण ओलांडायला एक सोपी वाट आहे : उमेदवारालाच सांगायचे की तुझा अहवाल तूच काढून आण. बँकेत नोकरी देणारी आणि कर्ज देणारी संस्था तर एकच असते.

स्टेट बँकेच्या भरतीच्या अटींत कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवल्याची नोंद असलेला उमेदवार नेमणुकीस अपात्र, अशी अट आली. २०२३ मध्ये इतर सरकारी बँकांच्या सामाईक भरतीच्या जाहिरातीत साडेसहाशे हा आकडाच छापून आला. त्यावर टीका झाली, तेव्हा आकडा मागे घेऊन तो ज्या-त्या बँकेच्या धोरणावर सोडण्यात आला. रुजू होताना पतइतिहास निकोप असावा, ही अपेक्षा मात्र राहिली.

या अटीचा अर्थ काय, हे मद्रास उच्च न्यायालयापुढच्या एका प्रकरणात स्पष्ट झाले. २०२० च्या जाहिरातीनुसार स्टेट बँकेत अधिकारी म्हणून निवडलेल्या एका उमेदवाराची नेमणूक जुन्या थकबाकीच्या नोंदींमुळे रद्द झाली. त्याचे म्हणणे असे की जाहिरातीच्या तारखेला माझ्याकडे काहीच थकीत नव्हते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. बँक लोकांचा पैसा हाताळते, तिच्या नोकराला आर्थिक शिस्त हवी. अट केवळ कर्ज फेडण्याची नाही, तर न चुकता फेडल्याच्या नोंदीची आहे.

लोकांचा पैसा हाताळणाऱ्याच्या सचोटीची काळजी घ्यावी, याला कुणाचीच हरकत असणार नाही. जामीनकतबा त्यासाठीच होता. प्रश्न असा आहे की आकड्याला सचोटी कळते का. पतअहवालात हप्ता किती दिवस थकला हे असते, का थकला हे नसते. १९६४ च्या त्या टिपेतला ‘का’ इथे गळून पडला आहे. आणि हा ‘का’ मराठवाड्यात फार मोठा आहे. शिक्षणाचे कर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असते. अभ्यासक्रम संपला, सवलतीचे वर्ष उलटले, नोकरी लागली नाही, बापाचे कापूस-सोयाबीन पावसाने गेले, आणि हप्ता चुकला. ती चूक नोंदली गेली. आता ज्या नोकरीने ते कर्ज फिटायचे, तीच नोकरी त्या नोंदीमुळे अडते. विहीर खणायला उसने घेतलेले पैसे बुडाले म्हणून दोराला हात लावू न देण्यासारखेच हे आहे.

शेतकऱ्याला पीककर्ज देताना सिबिलची सक्ती करू नका, असे राज्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. शेतीतला तोटा हा शेतकऱ्याच्या नियतीचा पुरावा नव्हे, हे त्यात मान्य केलेले आहे. मग त्याच घरातली मुलगी बँकेच्या परीक्षेत उत्तीर्ण होते, तेव्हा हा न्याय तिला का लागू नये?

सांगण्याचा हक्क

हा पेच आपल्यापुरता नाही. १८३७ च्या मंदीत पोळलेल्या लुई टॅपन या व्यापाऱ्याने १८४१ मध्ये न्यूयॉर्कला व्यापाऱ्यांच्या पतीची माहिती विकणारी संस्था काढली, तेव्हापासून अमेरिकेत हा धंदा वाढला. तिथल्या १९७० च्या कायद्याने नोकरीसाठी पतअहवाल पाहण्याची मुभा दिली. पुढे त्यासाठी उमेदवाराची लेखी संमती आवश्यक झाली. पण नोकरी हवी असलेल्याची संमती कितपत खरी असते? २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने अशा तपासणीवर बंधने घातली. मागोमाग हवाई, ओरेगॉन, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा राज्यांनी आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराने तसेच केले. पैशांशी थेट संबंध असलेल्या पदांना बहुतेक ठिकाणी अपवाद ठेवला, बाकीच्यांना ही तपासणी नको.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला संमतीची गरज नाही, अशी तरतूद आहे. विसाव्या शतकाने सावकाराला कारखान्याच्या दारातून हटवले. एकविसाव्या शतकात तो दारात उभा राहतच नाही, कारण त्याची वही आधीच आत पोहोचलेली असते. पगार जप्तीपासून वाचवणारे कायदे आपण केले. नोकरी थकबाकीच्या नोंदीपासून वाचवणारा कायदा अजून केलेला नाही.

तो होईपर्यंत उमेदवाराच्या हाती थोडी साधने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रारीनंतर तीस दिवसांत ती दुरुस्त झाली पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. वसुली एजंटांनी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे २०२२ पासून बंधन आहे. ही साधने उपयोगाची आहेत, पण ती चुकीच्या नोंदीविरुद्ध चालतात. बरोबर पण अपुऱ्या नोंदीविरुद्ध ती चालत नाहीत. नोंद खरी आहे आणि तरीही मी अप्रामाणिक नाही, असे ज्याला म्हणायचे आहे, त्याच्यासाठी अर्जात एक ओळसुद्धा नाही.

मागणी फार मोठी नाही. पैसे हाताळण्याच्या पदांसाठी पतइतिहास जरूर पाहावा. पण नेमणूक रद्द करण्यापूर्वी उमेदवाराला कारण विचारावे, ते नोंदवावे आणि त्यावर लेखी निर्णय द्यावा. शिक्षणाच्या कर्जाची थकबाकी वेगळी धरावी, आणि पगारातून हप्ता कापण्याचा करारनामा लिहून देणाऱ्याला रुजू होऊ द्यावे. कलम ४९ च्या धर्तीवर हे करता येण्यासारखे आहे, आणि ही पद्धत औरंगपुऱ्यातल्या पगारपत्रकांनी साठ वर्षे चालवून दाखवली आहे.

व्यक्तीच्या नादारीसाठी आपल्याकडे अजूनही मुख्यतः १९२० चाच कायदा चालतो. त्या जुन्या कायद्यातही नादार ठरलेल्याला कोर्टाकडून मुक्तता मिळण्याची तरतूद आहे. दिवसा दिवा लावणाऱ्या व्यापाऱ्याने आपले सगळे मांडून ठेवले की धनको उरलेले वाटून घेत, आणि कधी ना कधी तो दिवा विझवून पेढीची फळी पुन्हा उघडण्याची शक्यता राही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीचे पहिले पान पूजतात, तेही जुनी वही बंद करूनच. बँकेच्या परीक्षेची पुस्तके घेऊन औरंगपुऱ्यातून परतणाऱ्या मुलीचीही एक जुनी वही आहे. ती तिने लपवावी असे कुणी म्हणत नाही. ती वाचताना तिला समोर बसू द्यावे, एवढेच.